डेस्कटॉपची स्क्रीन मध्येच काळी होते: ग्राफिक्स कार्ड टाकलं, फॉरमॅट मारला, तरी तेच

पत्रिकावाला | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. कराडला घरातच पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, वर्षश्राद्धाची कार्डं, निवडणूक लागली की पत्रकं. मशीन सहा वर्षांचं आहे: आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. मॉनिटर २२ इंची, एचडीएमआयवर जोडलेला.

त्रास असा की काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते. दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येते. दिवसातून पाच-सात वेळा. कधीकधी येतच नाही, 'नो सिग्नल'ची पाटी स्क्रीनभर फिरत राहते, मग केबल काढून पुन्हा खुपसली की येतं. मशीन बंद पडत नाही. गाणी लावलेली असली तर चालूच राहतात.

होळीच्या आसपास सुरू झालं. थंडीत एकदाही झालं नव्हतं, म्हणून मला वाटलं गरम होत असणार. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, पावशेर धूळ निघाली. प्रोसेसरची पेस्ट बदलली. फरक शून्य.

गावातल्या एका दुकानात नेलं. तिथे दिवसभर चालू ठेवलं, एकदाही काळं झालं नाही. तरी म्हणाले, ऑनबोर्ड ग्राफिक्स वीक झालंय, कार्ड टाका. साडेतीन हजारांचं कार्ड टाकलं. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग म्हणाले, विंडोज करप्ट आहे. फॉरमॅट मारला. फाइली वाचल्या, पण कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि सगळे जुने फॉन्ट परत टाकण्यात अख्खा रविवार गेला. आता म्हणतात मदरबोर्ड.

लग्नसराई तोंडावर आहे. मदरबोर्ड घेऊ, मॉनिटर घेऊ, की सगळंच भंगारात घालू? जाणकारांनी सांगावं.

ता. क. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, पण ते जुनंच आहे, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०.५२

आधी फॉरमॅट आणि मग धागा. मराठी माणूस.

(खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.)

तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११.१५

पत्रिकावाले, फॉरमॅट मारल्यामुळे जुन्या नोंदी गेल्या, पण नंतरही होतंय म्हणता, तर नव्या नोंदी बघता येतील. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. स्क्रीन काळी झाली ती वेळ लक्षात ठेवून तिथे बघा. ४१०१ नंबरची नोंद दिसली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला होता आणि विंडोजने त्याला उठवून पुन्हा कामाला लावलं, असा अर्थ. कार्ड २ सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज हे आपणहून करतं. तुमची दोन-तीन सेकंदांची गोष्ट त्यात बसते.

४१ नंबर, कर्नल-पॉवर, दिसला तर प्रकरण वेगळं. तो मशीन अचानक बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर उमटतो.

आणि पुढच्या वेळी 'नो सिग्नल' अडकलं की केबल उपसण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बारीक 'टुक' ऐकू येतं. त्याने चित्र परत आलं तर तीही एक खूण.

सोल्डरिंगबाबा | मंगळवार, सकाळी ८.०५

नाशिकला पंचवीस वर्षं मॉनिटर-टीव्ही दुरुस्त करतोय. दादा, तूर्तास एक रुपयाही खर्च करू नका. आधी काळं म्हणजे कुठलं काळं ते ठरवायचं. गिऱ्हाईक येतं आणि 'स्क्रीन जाते' म्हणतं. अहो, जाण्याचे पाच प्रकार असतात.

काळं झालं की लगेच मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा चौकोन दिसला, तर पॅनेल ठीक, मागचा उजेड ठीक, मॉनिटरची सप्लाय ठीक. मॉनिटर चित्राची वाट बघतोय आणि चित्र पोचत नाहीये, एवढाच अर्थ.

मेनूही दिसला नाही, तर मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका लावून बघा. आत अंधुक आयकॉन दिसले तर चित्र आहे, उजेड गेलाय. बॅकलाइटच्या पट्ट्या नाहीतर त्यांना वीज देणारं सर्किट. जुन्या ट्यूबवाल्या एलसीडीत ट्यूब पेटवणारा आतला इन्व्हर्टर गेला की हमखास असं व्हायचं: चालू केल्यावर दोन सेकंद चित्र, मग काळं.

टॉर्चनेही काही नाही आणि मॉनिटरचा दिवासुद्धा विझलाय, तर सप्लाय. आतले कपॅसिटर फुगलेले असतात, डोकं सपाट नसून पुरीसारखं टम्म. पंचवीस-तीस रुपयांचा माल असतो, पण तो तुम्ही उघडायचा नाही. सप्लाय आतच असलेल्या मॉनिटरमध्ये मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

चौथं, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर मशीन जिवंत आहे. तुमची गाणी चालू राहतात म्हणजे बहुतेक जिवंतच आहे.

पाचवा प्रकार सांगत नाही. त्यात मांजर असतं.

देवगडकर | मंगळवार, सकाळी ९.३०

रॅम काढून खोडरबराने घासून लावा. आमच्याकडे पावसाळ्यात हाच इलाज. खारी हवा, सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात. माझ्या कॅबिनेटमध्ये एकदा पालीची अंडी निघाली होती, तेव्हापासून महिन्यातून एकदा उघडून बघतो.

सोल्डरिंगबाबा | मंगळवार, सकाळी ९.४१

देवगडकर, रबराचा इलाज खरा आहे, पण या दुखण्यावरचा नाही. रॅमचा संपर्क सुटला तर मशीन अडकतं, निळा पडदा येतो, नाहीतर चालूच होत नाही. तीन सेकंद काळं होऊन मागून 'आशिकी' चालू, असं रॅम करत नाही.

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. आज पाच वेळा झालं. केलं ते सांगतो.

मेनूचं बटण: पहिल्या दोन वेळा मी पोचेपर्यंत चित्र परत आलं. तिसऱ्या वेळी बोट बटणावरच ठेवून बसलो होतो, अर्थात तेव्हा झालं नाही. चौथ्या वेळी जमलं. मेनू दिसला! काळ्या स्क्रीनवर मेनूचा चौकोन.

कॅप्स लॉक लागतं-विझतं.

इव्हेंट व्ह्यूअर: ४१०१ एकही नाही. ४१ सुद्धा नाही. त्या वेळेला काहीच नाही, जणू काही झालंच नाही.

विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी: 'नो सिग्नल' अडकलेलं असताना दाबलं, टुक झालं आणि चित्र आलं. हे एक बरं कळलं, निदान फळीवर चढून केबल उपसावी लागत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं तापमान ५८, प्रोसेसरचं ६१. गरम नाही.

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ९.४४

मग ड्रायव्हर निर्दोष. कार्ड अडकलं असतं तर विंडोजने नोंद केली असती. मशीन आपल्या परीने चित्र पाठवतंय, मॉनिटर जागा आहे, मधल्या मधे गळतंय. केबल बदलून बघितली का?

आणि 'फळीवर चढून' म्हणजे? कॅबिनेट कुठे आहे?

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री १०.१०

दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा जागा बदलली. पोरगं दीड वर्षाचं आहे, कॅबिनेटचं निळं बटण दिसलं की दाबतंच. दोनदा काम सेव्ह न करता गेलं. म्हणून कॅबिनेट वर फळीवर ठेवलं आणि ५ मीटरची एचडीएमआय केबल घेतली. केबल नवीनच आहे. दिवाळी ते होळी चार महिने त्याच केबलवर काही त्रास नव्हता, म्हणून तिच्यावर संशय घेतला नाही.

सोल्डरिंगबाबा | मंगळवार, रात्री १०.२६

आता आलं काहीतरी हाताला. पण एकदम केबलच्या अंगावर जाऊ नका. तुम्हीच म्हणताय, चार महिने ठीक होती.

उद्यापासून वही करा. काळं झालं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहायचं. मशीनवर काय चाललं होतं ते नको. घरात काय चाललं होतं ते.

मिनेसोटाकर | बुधवार, सकाळी ६.०२

तुमची पहाट, माझी संध्याकाळ. हे वाचून राहवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे हुबेहूब हेच. मीटिंग संपवून खुर्चीतून उठलो की मॉनिटर काळा, तीन सेकंदांनी परत. दोन महिने मला वाटायचं वायरला पाय लागतो. शेवटी शोधलं तर कळलं, गॅस लिफ्टवाली ऑफिसची खुर्ची! वर-खाली होणारी नळकांडी असते ना, माणूस उठला-बसला की तिच्यात स्थिर वीज साठून क्षणभर झटका सुटतो आणि व्हिडिओची केबल एरियलसारखी तो पकडते. मॉनिटर जोडायचे डॉक बनवणाऱ्या एका कंपनीच्या मदतपानावर हे चक्क लिहिलेलं आहे. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा पापडासारखी कोरडी, दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. तारांभोवती धातूची चांगली जाळी असलेली आखूड केबल घेतली आणि थांबलं.

खुर्ची कसली आहे तुमची?

पत्रिकावाला | बुधवार, सकाळी ७.१५

प्लास्टिकची. चार पायांची. लग्नाच्या मांडवातली असते तसली. तिच्यात लिफ्ट नाही, एक पायही जरा वाकडा आहे.

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ७.२१

गॅस वगळता सगळं जुळतंय.

पत्रिकावाला | गुरुवार, रात्री ९.५०

दोन दिवसांची वही. जशीच्या तशी टाकतो.

बुधवार. ९.५० सकाळी, कोरल, घरात काही विशेष नाही, बाबा देवळात निघाले. १.१०, बाबा जेवायला उठले. १.४५, काही नाही. ४.०५, चहा झाला. ७.३०, दिवाबत्ती. रात्री ८ ते ११ काम केलं, एकदाही नाही.

गुरुवार. ९.४५ सकाळी, बाबा देवळात निघाले. ११.२०, आई म्हणाली भाजीवाला आला. १.०५, जेवायला उठलो. ३.३० ते ४.३० लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर काम केलं, एकदाही नाही. ४.४०, चहा.

मधली खोली आणि माझी पुढची खोली यांच्यात एकच भिंत आहे. मी गमतीने बायकोला म्हटलं, बाबा उठले की माझी स्क्रीन बसते.

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री १०.०५

लाइट आली-गेली, व्होल्टेज खाली-वर, असं काही? १ ते ४ मध्ये जास्त दिसतंय. आमच्याकडे पाण्याच्या वेळेला सगळ्या इमारतीचे पंप एकदम लागले की ट्यूब मिणमिणते.

सोल्डरिंगबाबा | गुरुवार, रात्री १०.१९

व्होल्टेज पडलं असतं तर आधी मशीन रीस्टार्ट झालं असतं. सप्लायमध्ये साठा असतो तो भरल्या लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंदांचा. इन्व्हर्टरसुद्धा साध्या मोडवर ठेवला तर कधीकधी लाइट जाताना मशीन पडतं, म्हणून त्याला मागे यूपीएस मोडचं बटण दिलेलं असतं, ते दाबून ठेवा (अवांतर, पण तुमच्या कामाचं). इथे मशीन ढिम्म आहे. फक्त चित्र जातंय.

खिडकीतली_बाई | गुरुवार, रात्री १०.४८

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, इथे पाककृती वाचायला येते. पण वही वाचली आणि एक विचारावंसं वाटलं.

तुमचे बाबा उठताना पंखा बंद करून उठतात का?

आमच्या लहानपणी सांगलीला रेडिओ असायचा. सांगली केंद्र लावलेलं असताना कोणी ट्यूब लावली किंवा पंखा बंद केला की रेडिओ 'कर्रर्र' करायचा. बातम्या चालू असल्या की वडील ओरडायचे, बटणांना हात लावू नका म्हणून. तसलं काही नसेल ना? आणि थंडीत पंखे कुठे असतात चालू?

रिकामटेकडा | गुरुवार, रात्री १०.५१

थांबा थांबा थांबा.

पत्रिकावाला | गुरुवार, रात्री ११.२२

बाई, तुमचे पाय कुठे आहेत सांगा, नमस्कार करतो.

सगळे झोपलेत, तरी मधल्या खोलीत गेलो. बायकोला मॉनिटरसमोर बसवलं. पंखा चालू केला, काही नाही. बंद केला, पुढच्या खोलीतून आवाज आला: 'गेली!' परत चालू, परत बंद: 'नाही गेली.' परत: 'गेली!' वीस वेळा केलं. सात वेळा गेली. चालू करताना एकदाही नाही, बंद करतानाच. बाबा उठून बसले आणि म्हणाले, पंखा काय खेळणं आहे का, बिल कोण भरतं.

बाबा गेली चाळीस वर्षं खोलीतून उठताना पंखा बंद करतात. होळीनंतर पंखे लागले. रात्री आठनंतर पंखा सकाळपर्यंत चालूच असतो, म्हणून रात्री त्रास नाही. लाइट गेली की पंखेही बंदच, इन्व्हर्टरवर फक्त पुढची खोली आहे. आणि दुकानात पंखा बंद करणारे बाबा नव्हते.

पण हे होतं कसं? पंखा मधल्या खोलीत आणि कॅबिनेट फळीवर!

सोल्डरिंगबाबा | शुक्रवार, सकाळी ८.१२

शाबास बाई. पंचवीस वर्षांच्या अनुभवाला घरी बसवलंत.

कसं होतं ते सांगतो. पंखा म्हणजे तारेचं वेटोळं. वेटोळ्यातली वीज एकदम तोडली तर ती सरळ थांबत नाही, बटणाच्या दोन पट्ट्यांच्या फटीतून ठिणगीने उडी मारते. अंधारात जुनं बटण बंद करून बघा, आत निळसर चमक दिसेल. ती ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच. अर्धी हवेतून जाते, अर्धी घरातल्या वायरिंगवरून पळते. बटण जुनं, पट्ट्या काजळलेल्या, की ठिणगी मोठी. सात वेळा गेली आणि तेरा वेळा नाही, त्याचंही कारण आहे: वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, तुमचं बोट नेमकं कुठल्या क्षणी पडलं त्यावर ठिणगी लहान की मोठी ते ठरतं.

जुन्या व्हीजीए केबलच्या जमान्यात अशा वेळी स्क्रीनवर नुसती एक रेघ सळसळून जायची, कोणी लक्षही द्यायचं नाही. एचडीएमआयवर तसं नाही. तुमच्या १०८० च्या चित्रासाठी केबलमधल्या एकेका जोडीतून सेकंदाला जवळजवळ दीडशे कोटी बिट धावतात. मधेच गोंधळ घुसला की मॉनिटरचा ताल चुकतो. तो अर्धंमुर्धं चित्र दाखवत नाही, पडदा टाकतो, ताल पुन्हा जुळवतो आणि मग पडदा उघडतो. ते तुमचे तीन सेकंद.

आज एक प्रयोग करा. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, बिटांचा वेग निम्म्यावर येतो. मग पुन्हा वीस वेळा पंखा. बाबांना आधी सांगून.

आणि ती ता. क. मधली ओळ मी सोमवारी वाचली आणि पुढे गेलो, माझी चूक. कॅबिनेटला मुंग्या येतात म्हणालात. ते कधीपासून? दिवाळीपासून ना?

पत्रिकावाला | शुक्रवार, दुपारी २.३०

७२० वर वीसपैकी दोनदा.

मुंग्या... हो, बायको म्हणते दिवाळीनंतरच. जुन्या जागी भिंतीतल्या बोर्डात थेट लावायचो. आता फळीपर्यंत वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आहे. आणि (आता शिव्या घाला) एक्स्टेन्शनची तीन पिनांची टोपी भिंतीतल्या बोर्डात बसत नव्हती, म्हणून मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय.

झिरोचा_दिवा | शुक्रवार, दुपारी ३.१०

मी वायरमन आहे, सातारा. एरवी नुसता वाचतो, पण आता लिहितो.

शिव्या घालत नाही, निम्म्या महाराष्ट्राने तो कन्व्हर्टर लावलाय. पण ती वरची जाड पीन शोभेची नसते. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे आधी अर्थ (जमिनीची जोडणी) लागतो, मग वीज. कन्व्हर्टरमध्ये तीच वाया जाते.

कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये आत आलेली गडबड जमिनीत सोडायला फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. जमीन असली तर गडबड तिथून निघून जाते. जमीन नसली तर पत्रा अधांतरी राहतो आणि साधारण निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसतो. करंट अगदी कणभर असतो म्हणून झटका बसत नाही, मुंग्या येतात. टेस्टर लावा, दिवा लागेल. आणि पंख्याची ठिणगी वायरिंगवरून मशीनमध्ये आली की तिला बाहेर पडायला उरलेली वाट कुठली? तुमच्या पाच मीटरच्या एचडीएमआयची जाळी. तिथून मॉनिटर, मॉनिटरच्या अडॅप्टरला दोनच पिना असतील, त्यातून परत वायरिंगमध्ये.

म्हणून सांगतो, असं अधांतरी मशीन चालू असताना केबल काढू-घालू नका. टीव्हीला नाहीतर डिशच्या वायरला जोडताना तर मुळीच नाही. ठिणगी उडून पोर्ट जातात, मग सगळे टीव्हीला दोष देतात.

गावातला ओळखीचा वायरमन बोलवा. स्वतः बोर्ड उघडू नका. त्याला मीटर लावून तीन आकडे लिहून घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. बोर्डात अर्थची हिरवी वायर नुसती मुरगाळून सोडलेली नाही ना तेही बघू दे. जुन्या घरात मीठ-कोळशाचा खड्डा केलेला असतो आणि मग पंधरा वर्षं त्यात कोणी तांब्याभर पाणी ओतत नाही.

पत्रिकावाला | रविवार, दुपारी १२.१५

काल वायरमन येऊन गेला. आकडे:

भिंतीतला बोर्ड: फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२७, न्यूट्रल-अर्थ २. म्हणजे भिंतीत अर्थ होतीच! फक्त मी ती घेत नव्हतो.

एक्स्टेन्शनवर, मशीन लावलेलं असताना: न्यूट्रल-अर्थ १०४.

ते १०४ बघून वायरमनने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

एकदम सगळं बदलू नका असं बाबांनी (सोल्डरिंगबाबांनी, आमच्या नव्हे) व्यनित (खासगी निरोपात) बजावलं होतं, म्हणून एकेक केलं. प्रत्येक वेळी पंखा वीसदा. आधी बोर्डातलं सॉकेट बदलून टोपी थेट लावली, कन्व्हर्टर फेकला. सातावरून दोनावर आलं. मुंग्या बंद. मग पंख्याचं बटण बदललं, जुनं उघडून दाखवलं त्याने: पितळेच्या पट्टीवर काळा खड्डा, उदबत्तीने भोक पाडल्यासारखा. दोनावरून एकावर. मग कॅबिनेट फळीवरून खाली घेतलं आणि मॉनिटरबरोबर आलेली मूळची दीड मीटरची केबल माळ्यावरून शोधून लावली. चाळीस वेळा केलं. शून्य.

पोराचं काय, तर निळ्या बटणावर बाटलीचं झाकण चिकटवलंय.

खर्च: सॉकेट, बटण आणि वायरमनची मजुरी मिळून ४५०. कार्डाचे साडेतीन हजार वेगळे. दुकानदार म्हणतो, कार्ड परत घेत नाही, चालू माल आहे. चालू आहे, ते खरंच आहे.

खिडकीतली_बाई | रविवार, दुपारी १.०२

छान झालं. बाबांना पंखा बंद करू द्या आता.

मिनेसोटाकर | रविवार, संध्याकाळी ७.३०

लांब केबलच हवी असती तर दोन्ही टोकांना फेराइटचा मणी असलेली घ्यायची. केबलवर काळं डमरू असतं ना, ते. पण दीड मीटरवर भागत असेल तर उत्तम.

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री ९.१०

मंडळी, परत झाली.

आज दुपारी स्क्रीन काळी. पंखा बंद केलेला नव्हता, बाबा घरात नव्हते. आणि तीन सेकंदांनी आली नाही, तशीच राहिली. दोनदा झालं. पोटात गोळा आला.

सोल्डरिंगबाबा | मंगळवार, रात्री ९.१८

घाबरू नका. मॉनिटरचा दिवा कसा होता? वही केलीत का?

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री ९.३१

केली. दोन्ही वेळा मी पत्रिकेचं प्रूफ कागदावर वाचत होतो. मोठं एकत्र कुटुंब, निमंत्रकांची बावीस नावं, एक काना चुकला तर गावात राहता येत नाही. दिवा मिणमिण करत होता. माउस हलवला तर...

थांबा.

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ९.३३

फॉरमॅट मारलात ना. पॉवर सेटिंग मूळपदावर आलं. १० मिनिटं हात लावला नाही की विंडोज १० स्क्रीन बंद करतं. सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर अँड स्लीप, तिथे 'नेव्हर' करा.

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री ९.३६

केलं.

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९.३७

बाबांना सांगू नका, ते म्हणतील १० मिनिटंच बरोबर होतं.